दूध, दही, तूप वगळून एक महिना: नाशिकच्या स्वयंपाकघरातील नोंदी

४ जानेवारी

आमच्या मुलीने दिवाळीच्या सुमारास दूध आणि दुधाचे सर्व पदार्थ सोडले. वासराच्या वाट्याचे दूध आपण घ्यावे हे तिला पटत नाही, आणि तिने हा निर्णय पुरेसा विचार करून घेतलेला असल्यामुळे त्यावर घरात वाद घालण्याचे आम्ही टाळले. मात्र तेव्हापासून तिचे ताट पाहताना एक गोष्ट सतत खुपत होती. दही गेले, ताक गेले, सकाळचे दूध गेले. पण त्या जागी काहीच आले नाही. पोळी, भाजी आणि थोडा वरणभात एवढ्यावर ती उठते आणि दुपारी चार वाजता बिस्किटांचा डबा शोधते. जूनमध्ये ती शिक्षणासाठी पुण्याला वसतिगृहात जाणार आहे. त्यापूर्वी हा आहार आपल्याच स्वयंपाकघरात, नाशिकच्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांवर नीट उभा राहतो का, हे पाहण्यासाठी जानेवारी महिना मी, यजमान आणि मुलगी असे तिघांनी पूर्णपणे वनस्पतीजन्य आहारावर काढायचे ठरवले आहे. सासूबाईंचे वय आणि त्यांची औषधे लक्षात घेता त्यांचे दूध चालू राहील. त्यांना या प्रयोगात ओढणे योग्य नाही.

नियम असे आहेत: दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, अंडी आणि मध घ्यायचे नाहीत. आज फडताळातील प्रत्येक पाकीट काढून त्यावरील मजकूर वाचला आणि या एका कामात अख्खी दुपार गेली. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, पण त्यात दूध किंवा मध नाही अशी हमी तो देत नाही. व्हेगन, म्हणजे पूर्णपणे वनस्पतीजन्य, पदार्थांसाठी २०२२ मध्ये आपल्याकडे स्वतंत्र नियम आले आणि त्यांचे वेगळे चिन्हही ठरले, हिरव्या चौकटीतील व्ही हे अक्षर; परंतु आमच्या फडताळातील एकाही पाकिटावर ते सापडले नाही. त्यामुळे घटकांची यादी आणि तिच्याखालील ॲलर्जीची सूचना या दोनच ठिकाणी पाहावे लागते. दुधाची भुकटी, मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन यांपैकी काहीही आढळले तर ते पाकीट बाजूला. बिस्किटांचे बहुतेक पुडे, टोमॅटो सुपाची पाकिटे आणि मसाल्याच्या चवीचे वेफर्स अशा प्रकारे बाद झाले.

उरलेल्या स्वयंपाकाकडे पाहिल्यावर धीर आला. भाकरी, पिठले, झुणका, भरीत, उसळी, आमटी, थालीपीठ, ठेचा, पोहे, उपमा, दाण्याची चटणी यांपैकी कशालाही दुधाची गरज नाही. अडचण येणार ती चहा, दही-ताक आणि तूप या तीनच ठिकाणी. महिनाभराचे कष्ट त्यांवरच घालायचे आहेत.

५ जानेवारी

सुरुवात करण्यापूर्वी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटून आलो आणि तिघांचीही हिमोग्लोबिन व बी-१२ ची तपासणी करून घेतली. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य आहारातून भरवशाने मिळत नाही. शाकाहारी घरांत ते मुख्यतः दूध-दह्यातूनच येते. यकृतात त्याचा साठा दीर्घकाळ टिकतो, त्यामुळे एका महिन्यात काही बिघडण्याची भीती नसते. मात्र पुष्कळ शाकाहारी माणसांच्या शरीरातील साठा आधीच तुटपुंजा असतो आणि मुलगी तर हा आहार कायमचा घेणार आहे. डॉक्टरांनी तिला बी-१२ ची गोळी सुरू करून दिली. स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळातून किंवा आंबवलेल्या पिठातून ते मिळते असे अनेक जण सांगतात, पण त्यावर विसंबू नये असे त्यांनी स्पष्ट बजावले. गोळीचे प्रमाण ज्याच्या त्याच्या तपासणीवर ठरते, म्हणून ते येथे लिहीत नाही.

६ जानेवारी

सोयाबीनचे दूध. रविवार कारंजावरच्या किराणा दुकानातून ८० रुपये किलोने सोयाबीन आणले होते. एक वाटी सोयाबीन रात्रभर भिजवून सकाळी साध्या पाण्यात वाटले, मलमलच्या कापडातून गाळले आणि उकळले. रंग दुधासारखा दिसला, परंतु कच्च्या शेंगेचा असा उग्र वास सुटला की वेलदोडा घालूनही कोणाला घोटभर पिता आले नाही. ते सगळे कुंड्यांना घालावे लागले.

या वासाचे कारण असे, की सोयाबीनमध्ये एक विकर (एन्झाइम) असते आणि दाणा थंड पाण्यात फुटला की ते त्यातील तेलावर काम करू लागते. वास एकदा तयार झाला की नंतर कितीही उकळले तरी तो जात नाही. तेव्हा दाणा फुटण्यापूर्वीच ते विकर उष्णतेने निकामी करावे लागते. संध्याकाळी भिजवलेले दाणे चोळून साले काढली, दाणे खळखळत्या पाण्यात टाकून पाच मिनिटे ठेवले आणि उकळत्या पाण्यातच वाटले. वास बराच कमी झाला.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. उकळते पाणी घालून मिक्सरचे भांडे काठोकाठ भरले तर आतील वाफेने झाकण उडते. आमचे उडाले; सुदैवाने मुलगी लांब उभी होती, पण ओटा, फरशी आणि खिडकीचे गज पुसण्यात तासभर गेला. भांडे निम्म्यापेक्षा कमी भरावे, झाकणाच्या मधली टोपी काढून तेथे जाड फडके धरावे आणि मिक्सर थांबत थांबत फिरवावा.

प्रमाण: एक वाटी कोरड्या सोयाबीनला आठ वाट्या पाणी. यातून लिटरच्या आसपास दूध मिळते. गाळल्यानंतर ते मंद आचेवर किमान १५ मिनिटे ढवळत उकळणे आवश्यक आहे, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात आणि ते पुरेशा उष्णतेनेच निष्प्रभ होतात. पहिल्या काही मिनिटांत फेस भराभर वर येतो. उकळी आली असे समजून गॅस बंद करू नये. तो फेस काढून टाकल्यावर खरी उकळी दिसते. गाळून उरलेला चोथा टाकायचा नाही. भाजणीत कालवून त्याची थालीपिठे उत्तम होतात, फक्त पाणी जपून घालावे.

८ जानेवारी

चहा. नेहमीच्या पद्धतीने पाणी, साखर, आले आणि चहापत्ती उकळून त्यात सोयाबीनचे दूध ओतले, तर ते क्षणात फाटले आणि कपात तळाशी चोथा व वर तांबूस पाणी असे दोन थर झाले. चहाचा आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की सोयाबीनचे प्रथिन गोठते. ताजे आले त्यात भर घालते. दूध आधीच घालून सगळे एकत्र उकळल्यावरही तोच परिणाम झाला.

जे जमले ते असे: कोरा चहा आल्यासह चांगला उकळून घ्यायचा आणि गॅस बंद करून क्षणभर थांबायचे. दूध वेगळ्या पातेल्यात वाफ येईपर्यंत तापवायचे, कपात आधी हे दूध घ्यायचे आणि त्यावर चहा हळूहळू ओतायचा. नंतर पुन्हा उकळायचे नाही. दूध उकळताना लिटरभरात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर फाटण्याची शक्यता आणखी कमी होते, पण सोडा किंचितही जास्त झाला की साबणासारखी चव येते. दाटपणासाठी सोयाबीन वाटतानाच त्यात आठ-दहा काजू घातले, आणि तेव्हा कुठे यजमानांनी कप पूर्ण संपवला.

इतर पर्यायांपैकी शेंगदाण्याच्या दुधाला चहात दाण्याचाच वास येतो, नारळाच्या दुधाचे तेल वर तरंगते आणि ओटचे दूध तापवल्यावर चिकट होते. दुपारचा चहा आम्ही शेवटी बिनदुधाचाच केला: गवती चहा, आले आणि गूळ. सासूबाईंनी तो स्वतःहून मागून घेतला आणि त्यांनाही आता दुपारी तोच हवा असतो.

१२ जानेवारी

दह्याविषयी सविस्तर लिहितो आहोत, कारण सर्वांत अधिक वेळ याच कामात गेला आणि कढी, मठ्ठा, कोशिंबीर, दहीभात असे कितीतरी पदार्थ त्यावर अवलंबून आहेत.

शेंगदाण्याचे दही करायचे ठरवले. एक वाटी दाणे सहा-सात तास भिजवून, साले काढून, तीन वाट्या पाण्यात वाटून गाळले. दाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास असलेले किंवा चावून पाहता कडू लागणारे दाणे निष्ठुरपणे काढून टाकावेत. अशा दाण्यांतील बुरशीचे विष घरगुती उकळण्याने नष्ट होत नाही, म्हणून येथे काटकसर करू नये.

पहिला प्रश्न विरजणाचा. नेहमीचे दही विरजण म्हणून वापरले तर नियम मोडतो. यावर हिरव्या मिरचीच्या देठांचा उपाय आहे. दहा-बारा ताज्या मिरच्यांचे देठ धुऊन, कोमट शेंगदाण्याच्या दुधाच्या लहानशा वाटीत बुडवून ठेवायचे. देठांवर निसर्गतःच असणारे आंबवणारे जिवाणू त्या दुधात वाढतात. बुधवारच्या गोदाघाटावरील बाजारातून आणलेल्या मिरच्यांचे देठ त्यासाठी वापरले. सकाळी वाटीत काहीही झालेले नव्हते. दुसऱ्या प्रयत्नात वर पाणी आणि खाली भुसभुशीत थर असे मिश्रण झाले, त्याला आंबूस वासाऐवजी कुबट वास येत होता, म्हणून ते चाखूनही न पाहता टाकले.

दोष थंडीचा होता. आंबवणाऱ्या जिवाणूंना सुमारे ४० अंशांची ऊब सलग कित्येक तास लागते आणि नाशिकमध्ये या दिवसांत रात्री स्वयंपाकघराची फरशी पाय ठेववत नाही इतकी गार असते. गाईम्हशीच्या दुधाचे दही अशा थंडीतही उशिरा का होईना लागते, कारण आपले विरजण जोमदार असते. मिरचीच्या देठांचे पहिले विरजण मात्र फारच दुबळे असते. कणकेच्या डब्यात वाटी पुरून ठेवणे पुरेसे पडले नाही. शेवटी प्रेशर कुकरमध्ये बोट सोसेल इतके गरम पाणी तळाशी घेतले, त्यात स्टँडवर वाटी ठेवली, शिट्टीशिवाय झाकण लावले आणि कुकर जुन्या घोंगडीत गुंडाळून ठेवला. झोपण्यापूर्वी आणि पहाटे एकदा पाणी बदलले. सकाळी वाटीला हलकासा धक्का दिल्यावर वरचा पृष्ठभाग एकसंध थरथरला, कडेला अगदी थोडे पाणी सुटले होते आणि वास स्वच्छ आंबट होता. देठ काढून टाकून हेच विरजण पुढच्या दुधाला लावले आणि दुसऱ्या पिढीचे दही पहिल्यापेक्षा पुष्कळच घट्ट आले.

दुसरी अडचण घट्टपणाची. शेंगदाण्याच्या प्रथिनाची पकड दुधातील प्रथिनासारखी नसते, म्हणून दूध पातळ असेल तर दही लागूनही फुटते. गाळलेले दूध मंद आचेवर, बुडाला लागू न देता, ते चमच्याच्या पाठीवर थर धरू लागेपर्यंत घोटावे लागते. दोन भाग सोयाबीनचे आणि एक भाग शेंगदाण्याचे दूध मिसळून लावलेले दही सर्वांत घट्ट आले. सोयाबीनचा वास आंबटपणाखाली झाकला जातो. दहीभातासाठी हे मिश्र दही आणि कढी-मठ्ठ्यासाठी नुसते शेंगदाण्याचे, अशी विभागणी आम्ही कायम केली.

कढी करताना बेसन नेहमीपेक्षा थोडे अधिक लावावे आणि उकळी फुटू न देता ढवळत राहावे. कढीपत्ता, जिरे, मेथीदाणे, आले-मिरची यांची फोडणी तेलातच केली. मुलीने भातावर ती दोनदा वाढून घेतली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच तिच्या ताटात कढी आली होती, आणि मला या महिन्यात यापेक्षा जास्त आनंद कशानेच झालेला नाही.

१३ आणि १४ जानेवारी

भोगी आणि संक्रांत. भोगीची भाजी मुळातच या आहाराची आहे: वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरे, घेवडा, वर तीळ आणि दाण्याचे कूट. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा असतो, त्याऐवजी भाजलेले तीळ, लसूण आणि तिखट वाटून त्यात तिळाचे तेल कालवलेली चटणी दिली. लोणी नव्हते हे जाणवले, पण भाकरी कोरडी लागली नाही.

गुळाच्या पोळीला मात्र दोन ठिकाणी तूप लागते, सारणातील बेसन भाजायला आणि वरून घ्यायला. बेसन शेंगदाण्याच्या घाण्याच्या तेलावर मंद भाजले; खमंगपणा पुरेसा आला, फक्त तुपापेक्षा तेल कमी लागते हे ध्यानात ठेवावे, नाहीतर सारण ओले होते. पहिल्या काही पोळ्या तव्यावर फुटल्या आणि गूळ जळून तवा खराब झाला. तेलावर भाजलेले सारण गार झाल्यावर तुपावरच्या सारणासारखे घट्ट बसत नाही, म्हणून गुळाचा बारीकसा खडाही चालत नाही. सारण पुन्हा मिक्सरमधून काढले, भाजलेल्या तिळाचे कूट वाढवले आणि मग पोळ्या सलग लाटल्या गेल्या. वरून घेण्यासाठी तुपाला खरा पर्याय सापडला नाही. नारळाचे दाट दूध घेऊन पाहिले. चव चांगली लागते, पण तो पदार्थ वेगळाच होतो.

तीळ या आहारात केवळ सणापुरते ठेवू नयेत. १०० ग्रॅम तिळात सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे रोज १० ग्रॅम तीळ चावून किंवा कूट करून खाल्ले तर सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास भर पडते. साल काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात ते बरेच कमी भरते, म्हणून बिनसोललेले घ्यावेत.

१७ जानेवारी

या आठवड्यात पोटाच्या तक्रारी झाल्या. प्रथिने भरून काढण्याच्या नादात दोन्ही वेळा उसळ, शिवाय सोयाबीनच्या वड्या आणि छोले असा बेत सलग झाला आणि तिघांनाही पोट फुगणे, गॅस यांचा त्रास झाला. यजमानांना एक दिवस कामावरून लवकर घरी यावे लागले. कडधान्ये एकदम वाढवू नयेत. भिजवलेले पाणी फेकून देणे, मटकी-मुगाला चांगले मोड आणणे, हरभरा-राजमा अगदी मऊ शिजवणे, फोडणीत हिंग आणि आले घालणे, आणि रात्रीच्या जेवणात मुगाखेरीज दुसरे कडधान्य न ठेवणे, एवढे केल्यावर त्रास थांबला.

हिशेब मात्र सोडता येत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. पूर्वी आम्ही प्रत्येकी दूध-दही मिळून ३०० मिलिलिटर घेत होतो. त्यातून सुमारे १० ग्रॅम येत. तेवढे भरून काढण्यासाठी काही विशेष करावे लागत नाही: २० ग्रॅम कोरड्या सोयाबीनच्या वड्या, किंवा मूठभर शेंगदाणे आणि तेवढेच फुटाणे पुरतात. मुलीच्या दिवाळीनंतरच्या ताटात नेमके हेच नव्हते. आता तिच्या दुपारी चारच्या भुकेला फुटाणे, दाणे आणि गुळाचा खडा असतो. बिस्किटांचा डबा ती उघडत नाही.

कॅल्शियमची बाजू अधिक अवघड आहे. घरी केलेल्या सोयाबीनच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाइतकी भरतात, पण कॅल्शियम त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकेच असते. बाजारातील बऱ्याच पाकीटबंद सोयाबीन दुधात ते वरून मिसळलेले असते. घरच्या दुधात कोण मिसळणार? रोजची शिफारस १००० मिलिग्रॅमची आहे. यावर आमच्या जिल्ह्यात सर्वांत सोपा उपाय नागलीचा, म्हणजे नाचणीचा. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या भागांतील नागली बाजारात सहज मिळते आणि तिच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सकाळी नागलीची आंबील किंवा दुपारी दोन भाकऱ्या, रोज तीळ आणि आलटून पालटून राजगिऱ्याची किंवा शेवग्याची पालेभाजी अशी घडी बसवली. नागलीची भाकरी पहिल्याच दिवशी तव्यावर टाकताना तुकडे होऊन पडली. पीठ उकळत्या पाण्यात उकडून, गरम असतानाच मळून घेतल्यावर ती नीट थापली गेली.

लोहासाठी एवढेच केले की जेवणाबरोबर चहा बंद ठेवला आणि उसळीवर लिंबू पिळले. आंबट फळांतील क जीवनसत्त्वाने धान्य-कडधान्यांतील लोह अधिक शोषले जाते, आणि चहाने त्याच्या उलट होते.

२२ जानेवारी

घराबाहेर. मिसळीची अडचण आली नाही: मटकी, काळ्या मसाल्याचा रस्सा, तर्री, फरसाण, पापड, कांदा आणि लिंबू. दह्याची वाटी नको असे आधीच सांगावे लागते, अन्यथा ती ताटाबरोबर येते आणि परत पाठवली तर वाया जाते. पावाबद्दल विचारणे आवश्यक आहे, कारण काही बेकऱ्या त्यात दूध घालतात किंवा वरून लोणी फिरवतात. एका ठिकाणी पोऱ्याने "नाही, काहीच नसतं" असे सांगितले आणि पाव आला तो बटर लावून भाजलेला. तेव्हापासून आम्ही "न भाजता द्या" असेच सांगतो.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी असतात आणि तेथे मसाला दूध हमखास येते. यजमानीण मोठ्या आपुलकीने पेला पुढे करते. त्या क्षणी आहारावर व्याख्यान देणे मला अप्रशस्त वाटते. शेजारच्या वहिनींना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवले, तर त्यांनी माझ्यासाठी कोकमाचे सरबत करून ठेवले होते. आधी कळवणे हा एकच मार्ग सर्वांच्या सोयीचा आहे. न कळवता गेले तेथे तिळगूळ घेतला आणि दुधाला विनम्रपणे नकार दिला.

प्रसादाविषयी घरात एकमत झाले नाही. सत्यनारायणाच्या पूजेतील पंचामृत आणि तुपातला शिरा यांना मी आणि यजमान नाही म्हणू शकलो नाही. आम्ही तळहातावर घेतला तेवढा खाल्ला. मुलीने देवापुढचे केळे घेतले आणि नमस्कार केला. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर आहेत असे मला वाटते आणि कोणाच्याही वागण्यात अनादर नव्हता. जे कोणी हा प्रयोग करतील त्यांनी असा प्रसंग येण्यापूर्वीच आपले उत्तर ठरवून ठेवावे, ऐन पूजेत ठरवू नये.

२६ जानेवारी

खर्च. पूर्वी रोज दीड लिटर दूध ६४ रुपये दराने घेत होतो, म्हणजे महिन्याला २,८८० रुपये. आता सासूबाईंसाठी अर्धा लिटर चालू आहे, त्याचे ९६०. सोयाबीनला सुमारे ३००, काजूला ३६०, शेंगदाण्याला ४५० आणि जास्तीचे तीळ, नागली, फुटाणे, वड्या यांना ५०० रुपये पडतात. एकूण २,५७० रुपये, त्यात गॅसचा वाढलेला वापर धरलेला नाही. वाया गेलेले सोयाबीन आणि दाणे, तसेच चहा जमेपर्यंत आणलेली पाकीटबंद सोयाबीन दुधाची पाकिटे धरली तर या महिन्यात बचत झालीच नाही. बदामाचे दूध पहिल्याच चौकशीत परवडण्यापलीकडचे ठरले. तुपाचे पैसे वाचले, पण घाण्याच्या तेलाने ते परत घेतले.

खरा खर्च वेळेचा आहे. दूध वाटणे, गाळणे, उकळणे आणि भांडी घासणे यांत सुरुवातीला रोज तास जात होता. फ्रीजमध्ये सोयाबीनचे दूध तीन दिवस चांगले राहते असे दिसल्यावर एकदम दोन वाट्यांचे दूध करून ठेवू लागलो. गाळण्याचे कापड लगेच गार पाण्यात धुवावे. वाळल्यावर चोथा धाग्यांत अडकून बसतो आणि पुढच्या खेपेला दुधाला वास येतो. नोकरी करणाऱ्या एकट्या व्यक्तीने दही आणि दूध दोन्ही घरी करण्याचा हट्ट धरू नये. दूध विकत घ्यावे आणि कष्ट दह्यावर खर्चावेत, कारण दह्याचा चांगला तयार पर्याय मला येथील दुकानांत मिळाला नाही.

दूधवाले काका गेली कित्येक वर्षे आमच्याकडे येतात. दूध कमी करताना त्यांना कारण सांगितले आणि महिन्याची पूर्वसूचना न दिल्याबद्दल पंधरा दिवसांचे पैसे पूर्ण दिले. त्यांच्या गोठ्याचा हिशेब आमच्यासारख्या गिऱ्हाइकांवर चालतो, हे मुलीलाही पटले.

३१ जानेवारी

वसतिगृहाची यादी. तेथे मिक्सर नाही, गॅस नाही, फक्त विजेची किटली वापरण्याची परवानगी आहे, आणि मेसमध्ये पोळी, भात, वरण, एक भाजी मिळते. वरणावर तूप आधीच घातलेले असते का, हे मेसच्या काकूंना विचारून घेणे हे तिचे पहिले काम. त्याखेरीज सोबत जाईल ते असे: मेतकूट, तेलात कालवून भातावर घेण्यासाठी, तिळाची आणि कारळ्याची चटणी, दोन्ही कोरड्या, भाजलेली नागली आणि मुगाचे पीठ, गूळ घालून किटलीतल्या उकळत्या पाण्यात कालवण्यासाठी, फुटाणे, दाणे, आणि सोयाबीनच्या लहान वड्या, ज्या उकळत्या पाण्यात झाकून ठेवल्या की मऊ होतात आणि पिळून मेसच्या भाजीत घालता येतात. नागलीचे पीठ नुसत्या उकळत्या पाण्यात कच्चट लागले, म्हणून ते आधी खमंग भाजून, दळून, पुन्हा एकदा कोरडेच परतून ठेवले. तेव्हा त्याचा कच्चेपणा गेला. पाण्यात घालताना आधी गार पाण्यात कालवून मग उकळते पाणी ओतावे, नाहीतर गुठळ्या होतात.

बी-१२ ची गोळी यादीत सर्वांत वर लिहिली आहे आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची आहे.

यजमान आणि मी उद्यापासून पूर्ण नियम सोडतो आहोत. गुळाच्या पोळीवरचे तूप मला हवे आहे आणि ते मी घेणार. दुपारचा गवती चहा, नागली, तिळाचे कूट आणि शेंगदाण्याच्या दह्याची कढी मात्र घरात राहील, आणि दूध रोज एक लिटरच येईल. दह्याचे विरजण दर तीन-चार दिवसांनी नव्या दुधाला लावले नाही तर ते मरगळते, त्यामुळे ते पुण्याला पाठवण्यात अर्थ नाही. आठवड्यातून दोनदा मी ते येथे जिवंत ठेवीन आणि मुलगी सुट्टीत येईल तेव्हा आदल्या रात्री कुकर घोंगडीत गुंडाळला जाईल.